प्रीअँपमधले व्हॉल्व्ह बदलून आवाजाची तुलना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान लाइन आणि फोनो (रेकॉर्ड प्लेअरच्या) प्रीअँपमधल्या, म्हणजे पॉवर अँपच्या आधी बसणाऱ्या उपकरणातल्या, छोट्या ट्रायोड व्हॉल्व्हपुरतं आहे. ट्रायोडचे मुख्य भाग तीन: कॅथोड, ग्रिड आणि प्लेट. ईएल३४, केटी८८ असे पॉवर व्हॉल्व्ह इथे घेतलेले नाहीत, कारण तिथे बायसचा, म्हणजे सिग्नल नसताना व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा याचा, प्रश्न आधी सोडवावा लागतो. खालचे आकडे डेटाशीटमधले आहेत; हातातला व्हॉल्व्ह त्यापासून थोडा इकडेतिकडे असणारच.

व्हॉल्व्ह बदलला की आवाज खरंच बदलतो का?

ते सर्किटवर ठरतं. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा काही भाग उलटा करून इनपुटला परत देणं) नसलेल्या साध्या कॉमन कॅथोड स्टेजमध्ये, म्हणजे सिग्नल ग्रिडला देऊन प्लेटवरून घेतात तिथे, व्हॉल्व्हचा गेन (सिग्नल किती पट वाढतो ते), आउटपुट इंपीडन्स, डिस्टॉर्शन, नॉइज हे सगळं आउटपुटवर जसंच्या तसं उमटतं. त्याच व्हॉल्व्हभोवती २० डेसिबल फीडबॅक असेल तर गेन आणि डिस्टॉर्शनमधले फरक साधारण दहापट आवळले जातात. कॅथोड फॉलोअरमध्ये (आउटपुट कॅथोडवरून घेणारी स्टेज) सगळं आउटपुट फीडबॅक म्हणून परत येतं, त्यामुळे तिथे ठणठणीत असलेले दोन व्हॉल्व्ह कानाने वेगळे ओळखणं फार अवघड.

शिवाय व्हॉल्व्हचा प्रकार बदलणं आणि त्याच प्रकारातली कंपनी बदलणं यांची गल्लत करू नका. प्रकार बदलला की सर्किटचं कामच बदलतं, आणि किती बदललं ते कागदावर काढता येतं. नुसती कंपनी बदलली तर, दोन्ही व्हॉल्व्ह चांगले असतील आणि आवाजाची पातळी नीट जुळवलेली असेल तर, उरणारा फरक लहान असतो. बऱ्याचदा तो हम, हिस्स आणि मायक्रोफोनीचाच (धक्क्याने, कंपनाने व्हॉल्व्ह वाजण्याचाच) निघतो. 'जमीन-अस्मानाचा फरक पडला' असं जिथे वाटतं तिथे आधी पातळी मोजा. एका डेसिबलचा फरक कानाला 'मोठा आवाज' म्हणून कळत नाही, 'जास्त जिवंत, जास्त मोकळा आवाज' म्हणून कळतो.

कोणते आकडे बघायचे?

तीन. म्यू म्हणजे व्हॉल्व्हचा जास्तीत जास्त शक्य गेन, प्लेट रेझिस्टन्स म्हणजे व्हॉल्व्हचा आतला रेझिस्टन्स, आणि ट्रान्सकंडक्टन्स म्हणजे ग्रिडचं व्होल्टेज एक व्होल्टने बदललं तर करंट किती बदलतो ते. नेहमी भेटणारे व्हॉल्व्ह असे:

१२एएक्स७ उर्फ ईसीसी८३: म्यू १००, प्लेट रेझिस्टन्स ६२.५ किलोओहम, ट्रान्सकंडक्टन्स १.६ मिलिअँप प्रति व्होल्ट
५७५१: म्यू ७०, ५८ किलोओहम, १.२
१२एटी७ उर्फ ईसीसी८१: म्यू ६०, १०.९ किलोओहम, ५.५
१२एयू७ उर्फ ईसीसी८२: म्यू १७, ७.७ किलोओहम, २.२
६डीजे८ उर्फ ईसीसी८८: म्यू ३३, २.६ किलोओहम, १२.५
६एसएन७: म्यू २०, ७.७ किलोओहम, २.६

हे आकडे डेटाशीटमध्ये दिलेल्या करंटला खरे. १२एयू७ चे आकडे १०.५ मिलिअँपचे आहेत, ६डीजे८ चे १५ मिलिअँपचे. प्रीअँपमध्ये इतका करंट क्वचित वाहतो. करंट कमी झाला की प्लेट रेझिस्टन्स वाढतो आणि ट्रान्सकंडक्टन्स घटतो. १२एएक्स७ सुद्धा अर्ध्या मिलिअँपला ८० किलोओहमच्या घरात जातो.

बायपास केलेल्या (कॅथोड रेझिस्टरला समांतर कपॅसिटर लावलेल्या) कॉमन कॅथोड स्टेजचा गेन काढायला म्यू गुणिले प्लेट लोड, भागिले प्लेट लोड अधिक प्लेट रेझिस्टन्स. १०० किलोओहम लोडवर १२एएक्स७ चा गेन ५५ ते ६० येतो.

१२एएक्स७ च्या सॉकेटमध्ये १२एयू७ किंवा १२एटी७ लावला तर चालेल का?

पिना जुळतात: प्लेट १ आणि ६, ग्रिड २ आणि ७, कॅथोड ३ आणि ८, हीटर ४, ५ आणि मधला टॅप ९. हीटरही सारखाच, १२.६ व्होल्टला १५० मिलिअँप किंवा ६.३ व्होल्टला ३०० मिलिअँप. म्हणजे काही जळणार नाही. पण काही जळत नाही म्हणून ते योग्य ठरतं असं नाही.

२५० व्होल्ट सप्लाय, १०० किलोओहम प्लेट रेझिस्टर आणि १.५ किलोओहम कॅथोड रेझिस्टर, ही १२एएक्स७ ची नेहमीची स्टेज घ्या. १२एएक्स७ तिथे सुमारे ०.८५ मिलिअँप ओढतो आणि त्याची प्लेट १६५ व्होल्टच्या आसपास बसते. त्याच जागी १२एयू७ लावला तर करंट जवळजवळ दुप्पट होतो, प्लेट ७०–८० व्होल्टपर्यंत खाली येते आणि गेन ५५ वरून १५ वर येतो. म्हणजे ११ डेसिबलची घट, वर व्हॉल्व्ह त्याच्या सोयीच्या जागेपासून लांब चाललेला. ऐकणारा म्हणतो, '१२एयू७ चा आवाज मऊ आणि निस्तेज आहे.' निस्तेज आहे तो ११ डेसिबलने दबलेला आवाज. १२एयू७ ला न्याय द्यायचा तर प्लेट रेझिस्टर २२ ते ४७ किलोओहम आणि करंट ३ ते ५ मिलिअँप असा हवा, आणि कॅथोड रेझिस्टर त्या हिशोबाने पुन्हा निवडायला हवा.

१२एटी७ रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या कामासाठी बनवलेला व्हॉल्व्ह आहे. कमी करंटला त्याचा म्यू बराच हलतो, म्हणून १२एएक्स७ च्या जागी तो डिस्टॉर्शन जास्त देतो. काहींना तेच आवडतं, त्याला हरकत नाही. फक्त त्याला 'जास्त तपशील' असं नाव देऊ नका.

गेन थोडासाच कमी करायचा असेल तर ५७५१ हा सर्वांत सभ्य पर्याय. बायस फारसा बिघडत नाही आणि गेन सुमारे अडीच डेसिबलने उतरतो. त्याचा हीटर मात्र ६.३ व्होल्टला ३५० मिलिअँप घेतो. समांतर हीटर असलेल्या बहुतेक प्रीअँपना हे जास्तीचे ५० मिलिअँप जड जात नाहीत. हीटर सिरीजमध्ये असतील तर दोन वेगळे प्रकार मिसळू नका, व्होल्टेजची वाटणी बिघडते.

आणि ६डीजे८?

१२एएक्स७ च्या सॉकेटमध्ये कधीच नाही. ६डीजे८ चा हीटर ६.३ व्होल्टचा, पिन ४ आणि ५ मध्ये. पिन ९ ही आतल्या शील्डची आहे. सॉकेटवर ४ आणि ५ मध्ये १२.६ व्होल्ट येत असतील तर हीटर जळेल. ४ आणि ५ एकत्र जोडून ९ वर परतीची वायर असेल तर हीटर पेटणारच नाही. त्यातही ६डीजे८ ची प्लेट १३० व्होल्टपर्यंतची. ई८८सीसी म्हणजे ६९२२ हा त्याचाच मजबूत भाऊ २२० व्होल्टपर्यंत जातो, म्हणून जास्त व्होल्टेजच्या प्रीअँपमध्ये ६९२२ च्या जागी साधा ६डीजे८ घालायच्या आधी प्लेट व्होल्टेज मोजून घ्या. पीसीसी८८ चा हीटर ७ व्होल्टचा असतो, ६.३ वर तो चालतो, पण थोडा उपाशी.

रशियन ६एन१पी पिनांनी जुळतो म्हणून लोक लावून बघतात. त्याचा हीटर ६०० मिलिअँप खातो, म्हणजे दीडपटीहून जास्त, आणि ट्रान्सकंडक्टन्स ६डीजे८ च्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच. ट्रान्सफॉर्मरला तेवढी ताकद आहे हे माहीत असल्याशिवाय लावू नये. ६डीजे८ ला जवळचा रशियन व्हॉल्व्ह ६एन२३पी आहे.

तुलना नेमकी कशी करायची?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून सविस्तर.

आधी सर्किट बघा: कोणता व्हॉल्व्ह कोणत्या स्टेजला आहे आणि फीडबॅक आहे की नाही. एका वेळी एकाच जागेचा व्हॉल्व्ह बदला, दोन्ही चॅनेलचा मिळून. तीन जागा एकदम बदलल्या तर काय कशामुळे झालं ते कुणालाच सांगता येणार नाही.

मग एक किलोहर्ट्झची साइन टोन वाजवा आणि पॉवर अँपच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजा. साधे मल्टिमीटर ४००–५०० हर्ट्झच्या पुढे चुकीचं वाचतात. पण इथे आपल्याला खरा आकडा नको आहे, दोन व्हॉल्व्हमधलं गुणोत्तर हवं आहे. शंका असेल तर ४०० हर्ट्झची टोन घ्या. पहिल्या व्हॉल्व्हला १.०० व्होल्ट असेल तर दुसऱ्याला ०.९९ ते १.०१ मध्ये यायला हवं, म्हणजे ०.१ डेसिबलच्या आत. डावा आणि उजवा चॅनेल वेगवेगळा मोजा.

पातळी जुळवताना प्रीअँपचा व्हॉल्यूम पॉट, म्हणजे आवाजाच्या नॉबमागचा बदलता रेझिस्टर, हलवू नका. पॉट कुठे आहे त्यावर पुढच्या ग्रिडला दिसणारा सोर्स इंपीडन्स बदलतो, आणि त्याबरोबर ट्रेबलही बदलू शकतो. का, ते खाली आलं आहे. डिजिटल सोर्सवर ०.१ किंवा ०.५ डेसिबलच्या पायऱ्या मिळतात, तिथे जुळवा. सुरुवातीलाच सोर्स १२ डेसिबल खाली ठेवला तर कमी गेनच्या व्हॉल्व्हसाठी वर जायला जागा राहते.

ऐकायला २० ते ३० सेकंदांचे तुकडे निवडा: एकट्या माणसाचा आवाज, पियानो, झांजांचा झणत्कार, आणि खोल बास असलेलं काहीतरी. बारीक फरकांची कानाची आठवण काही सेकंदच टिकते. आख्खा अल्बम ऐकून, उठून, व्हॉल्व्ह बदलून, तो गरम होईपर्यंत थांबून केलेली तुलना ही बरीचशी मनःस्थितीची तुलना असते.

पण व्हॉल्व्ह गार करायला आणि गरम करायलाच वीस मिनिटं जातात. मग झटपट तुलना कशी होणार?

रेकॉर्ड करा. प्रीअँपचं आउटपुट चांगल्या ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडा आणि तेच तुकडे प्रत्येक व्हॉल्व्हमधून २४ बिटला रेकॉर्ड करा. व्हॉल्व्ह अर्धा तास गरम झालेला असावा. मग फाइल्सची पातळी आणि सुरुवात सॉफ्टवेअरमध्ये जुळवा. फूबार२००० मध्ये एबीएक्स कंपॅरेटर हा भाग जोडता येतो. त्यात दोन फाइल्स क्षणात बदलून आंधळी चाचणी, म्हणजे कोणती फाइल वाजते आहे ते न कळता ओळखण्याची चाचणी, घेता येते.

सावधगिरी दोन. चालू-बंद करताना व्हॉल्व्ह प्रीअँपच्या आउटपुटवर काही व्होल्टचा, कधी त्याहून बराच मोठा, धक्का येतो. म्हणून इंटरफेसची केबल प्रीअँप स्थिर झाल्यावरच लावा. दुसरं, इंटरफेसचं इनपुट क्लिप होत नाही ना ते बघा. नाहीतर ज्याचा गेन जास्त तो व्हॉल्व्ह 'कर्कश' ठरेल.

इंटरफेसमुळे सूक्ष्म फरक पुसले जातात, अशी शंका नेहमी येते. इंटरफेसच्या आउटपुटवरून थेट इनपुटला जोडून त्याचं स्वतःचं डिस्टॉर्शन आणि नॉइज आधी मोजा. ते प्रीअँपच्या डिस्टॉर्शनपेक्षा २० डेसिबल खाली असेल तर शंकेला जागा उरत नाही. हे मोजायला रूम ईक्यू विझर्ड पुरेसं आहे.

आंधळ्या चाचणीत किती वेळा बरोबर आलं तर मानायचं?

१६ पैकी १२. निव्वळ अंदाजाने १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. १० फेऱ्यांत ९ लागतात. ८ बरोबर आले तर ते नशिबानेही पाच टक्क्यांहून जास्त वेळा घडतं. किती फेऱ्या करायच्या ते आधी ठरवा. मनासारखा आकडा आला की थांबायचं, ही चाचणी नव्हे. एका बैठकीत १६ च्या वर जाऊ नका, कान दमतात.

व्हॉल्व्ह बदलल्यावर ट्रेबल दबल्यासारखा वाटतो. हा भ्रम आहे का?

कदाचित नाही. ट्रायोडमध्ये ग्रिड आणि प्लेटमधली कपॅसिटन्स स्टेजच्या गेनने गुणली जाते. १२एएक्स७ मध्ये ती १.६ ते १.७ पिकोफॅरड आहे. गेन ६० असेल तर इनपुटला सुमारे १०५ पिकोफॅरड दिसतात. पॉटचा आउटपुट इंपीडन्स अर्ध्या व्होल्टेजच्या जागी सर्वांत जास्त असतो, पॉटच्या एकूण रेझिस्टन्सच्या पाव भाग. १०० किलोओहमच्या पॉटला तो २५ किलोओहम होतो आणि ट्रेबल ६० किलोहर्ट्झला तीन डेसिबल उतरतो. काही बिघडत नाही. २५० किलोओहमच्या पॉटला ६२.५ किलोओहम होतो, आणि तीन डेसिबलची जागा २४ किलोहर्ट्झवर येते. २० किलोहर्ट्झला तेव्हा सव्वादोन डेसिबल गेलेले असतात. ५०० किलोओहमचा पॉट असेल तर हा उतार १२ किलोहर्ट्झवर येऊन ठेपतो.

आता कमी गेनचा व्हॉल्व्ह लावला की ही गुणलेली कपॅसिटन्स घटते आणि वरचा भाग खुलतो. असा फरक खरा असतो, मोजता येतो, आणि व्हॉल्व्हच्या ब्रँडशी त्याचा काही संबंध नसतो. पॉट बदलून १०० किलोओहमचा लावला तर अशा कितीतरी 'व्हॉल्व्हच्या' तक्रारी गायब होतात. मात्र आधीच्या उपकरणाला १०० किलोओहमचा लोड झेपायला हवा; बहुतेक आधुनिक सोर्सना तो सहज झेपतो.

आउटपुटच्या बाजूलाही तेच. १२एएक्स७ च्या प्लेटवरून थेट आउटपुट काढलं असेल तर आउटपुट इंपीडन्स जवळजवळ ३८ किलोओहम. त्यावर एकूण १००० पिकोफॅरडची लांब केबल लावली की चार किलोहर्ट्झपासूनच उतार सुरू. इथे व्हॉल्व्ह बदलत बसण्यापेक्षा कॅथोड फॉलोअर जोडणं किंवा केबल आखूड करणं शहाणपणाचं.

बास पातळ झाला, त्याला कोणता व्हॉल्व्ह लावू?

कोणताच नाही. आउटपुटचा कपलिंग कपॅसिटर बघा. ०.४७ मायक्रोफॅरड आणि पॉवर अँपचा इनपुट इंपीडन्स १० किलोओहम असेल तर ३४ हर्ट्झला तीन डेसिबल गेले. १०० किलोओहमच्या अँपवर तोच कपॅसिटर ३.४ हर्ट्झपर्यंत जातो. ट्रान्झिस्टरच्या अँपना व्हॉल्व्ह प्रीअँप जोडताना हे हमखास नडतं. दोन ते चार मायक्रोफॅरडचा, पुरेशा व्होल्टेजचा फिल्म कपॅसिटर लावला की काम होतं. त्या बदल्यात चालू करतानाचा धक्का थोडा लांबतो.

मुलार्ड उबदार, टेलिफंकन स्वच्छ, असं म्हणतात. त्यात किती तथ्य?

कारखान्यागणिक रचनेत खरे फरक होते: प्लेटची लांबी आणि आकार, ग्रिडचं गुंडाळणं, हीटर गुंडाळलेला की घडी घातलेला, आधाराचे अभ्रक किती घट्ट. यांचा परिणाम मायक्रोफोनी, हम आणि म्यूच्या एकसारखेपणावर होतो. ते फरक एका कानाला 'उबदार' वाटू शकतात. ट्रायोडच्या डिस्टॉर्शनमध्ये दुसरा हार्मोनिक पुढे असतो आणि नेहमीच्या पातळीला त्याचं प्रमाण आउटपुट व्होल्टेजबरोबर वाढतं-घटतं: आउटपुट अर्धं, तर टक्केवारीही अर्धी. म्हणून एखादा व्हॉल्व्ह दुसऱ्यापेक्षा 'मधुर' ठरवताना दोन्हींचं आउटपुट एकच होतं ना, एवढं विचारा.

एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या दोन व्हॉल्व्हमधला फरक कधीकधी दोन कंपन्यांमधल्या फरकाइतकाच निघतो. एका नमुन्यावरून अख्ख्या ब्रँडचा स्वभाव सांगू नये.

जुना व्हॉल्व्ह अस्सल आहे हे कसं ओळखायचं?

काचेवरच्या छापील नावावर विसंबू नका. जुन्या काळी कंपन्या एकमेकींकडून माल घेऊन आपलं नाव छापत; अँपरेक्स नावाचे कितीतरी व्हॉल्व्ह फिलिप्सच्या हेरलेनच्या कारखान्यातले आहेत. फिलिप्स गटाच्या व्हॉल्व्हवर काचेच्या खालच्या भागात राखाडी कोरीव कोड असतो: दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला 'बी' हे रोमन अक्षर असेल तर ब्लॅकबर्न, म्हणजे मुलार्ड, आणि त्रिकोण असेल तर हेरलेन. उल्ममध्ये बनलेल्या अनेक टेलिफंकनच्या तळाशी, पिनांच्या मधोमध काचेतच घडवलेला चौकट चिन्हासारखा हिरा असतो. तो छापलेला किंवा खरडलेला दिसला तर सोडून द्या. नाव आणि कोड दोन्ही जुळले तरी आतली रचना त्याच कारखान्याच्या पक्क्या नमुन्याशी ताडून बघा. नाव पुसून नवं छापता येतं, प्लेट बदलता येत नाही.

आज नवीन मिळणारे मुलार्ड आणि टंग-सोल हे जुन्या कारखान्यांचे नाहीत. ती नावं विकत घेतली गेली आणि ते व्हॉल्व्ह रशियात साराटोवला बनतात, सोव्हटेक आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्स बनतात तिथेच. जेजे स्लोव्हाकियात बनतात. यात फसवणूक नाही, फक्त नावावरून जुन्या आवाजाची अपेक्षा धरू नये.

काचेच्या डोक्यावरचा चंदेरी थर म्हणजे गेटर. तो चंदेरी किंवा कडेने तपकिरी असला तर ठीक. दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. थर नुसता मोठा किंवा लहान असण्यावरून उरलेलं आयुष्य कळत नाही.

नवा व्हॉल्व्ह किती तास चालवून मग मत बनवावं?

दर वेळी ऐकण्याआधी २०–३० मिनिटं गरम होऊ द्या. अगदी नवा किंवा वर्षानुवर्षं पडून असलेला व्हॉल्व्ह पहिल्या काही तासांत नॉइज आणि करंट थोडा बदलतो, म्हणून दहा-वीस तास द्यायला हरकत नाही. 'दोनशे तासांनी उमलेल' यावर विसंबून खराब व्हॉल्व्ह परत करायची मुदत घालवू नका.

व्हॉल्व्हला टिचकी मारली की स्पीकरमधून टणत्कार येतो. खराब आहे का?

थोडा आवाज सगळेच देतात. व्हॉल्यूम कमी ठेवून पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने हलकेच टकटक करा. लगेच विरणारा 'टक' चालेल. घंटेसारखा लांबत जाणारा, किंवा वाढत जाऊन शिट्टी होणारा आवाज आला तर तो व्हॉल्व्ह पहिल्या स्टेजमधून काढा. पहिल्या स्टेजच्या पुढे सगळा गेन असतो, म्हणून तिथे सर्वांत शांत व्हॉल्व्ह हवा. तोच 'बोलका' व्हॉल्व्ह कॅथोड फॉलोअरमध्ये बहुधा गुपचूप काम करतो. सिलिकॉनच्या डँपर रिंगने घंटानाद कमी होतो. रिंग काचेची उष्णता सोसणारी असावी. साधं रबर वितळतं आणि चिकटतं.

हम, हिस्स, तडतड: दोष व्हॉल्व्हचा की सर्किटचा?

डाव्या-उजव्या चॅनेलचे व्हॉल्व्ह अदलाबदल करा. दोष दुसऱ्या चॅनेलला गेला तर व्हॉल्व्ह दोषी, जागेवरच राहिला तर सॉकेट, रेझिस्टर किंवा कपॅसिटर. एकाच व्हॉल्व्हचे दोन अर्ध दोन चॅनेलला असतील तर ही युक्ती चालत नाही. तिथे माहितीतला चांगला व्हॉल्व्ह लावून बघा.

मेन्सच्या फ्रिक्वेन्सीचा खोल हम हा बहुतेक हीटर-कॅथोड गळतीचा किंवा ग्राउंड लूपचा असतो. त्याच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा, जरा खरखरीत, असेल तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर तपासा. एकसारखा हिस्स व्हॉल्व्हचाही असतो आणि जुन्या कार्बन कंपोझिशन प्लेट रेझिस्टरचाही. अनियमित तडतड बहुतेक वेळा सॉकेटच्या सैल किंवा काळ्या पडलेल्या संपर्कातून येते. व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये किंचित हलवताच ती बदलली तर आधी पिना स्वच्छ करा.

फोनो स्टेजमध्येही असेच व्हॉल्व्ह बदलता येतात का?

येतात, पण जपून. रेकॉर्डवर कापताना दाबलेला बास आणि उचललेला ट्रेबल परत सरळ करण्याचं ठरलेलं वळण म्हणजे आरआयएए. पॅसिव्ह (फीडबॅकशिवाय, नुसत्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या) आरआयएए नेटवर्कमध्ये मागच्या स्टेजचा आउटपुट इंपीडन्स, म्हणजे प्लेट रेझिस्टर आणि व्हॉल्व्हचा प्लेट रेझिस्टन्स समांतर, हा नेटवर्कच्या पहिल्या रेझिस्टरचाच भाग असतो. ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंदांचे टाइम कॉन्स्टंट त्यावर बेतलेले असतात. प्लेट रेझिस्टन्स बदलला की वळण सरकतं, आणि डेसिबलचे काही दशांश इकडचे तिकडे होतात. एवढा बदल विस्तृत पट्ट्यात असला तर ऐकू येतो. फीडबॅकने आरआयएए करणाऱ्या स्टेजमध्ये वेगळीच अडचण: कमी म्यूचा व्हॉल्व्ह लावला की बास सुधारायला लागणारा गेन पुरत नाही आणि खालचा भाग उतरतो. फोनोमध्ये प्रकार बदलू नका. त्याच प्रकारातला, कमी नॉइजसाठी निवडलेला व्हॉल्व्ह घ्या.

व्हॉल्व्ह 'मॅच' केलेले घ्यावेत का?

एक व्हॉल्व्ह दोन्ही चॅनेल सांभाळत असेल तर त्याचे दोन अर्ध सारखे हवेत. फीडबॅक नसलेल्या लाइन स्टेजमध्ये दोन चॅनेलच्या गेनमध्ये अर्धा डेसिबल फरक असला तरी आवाजाचं मध्य किंचित सरकतं; बॅलन्सच्या नॉबने ते दुरुस्त होतं. टेस्टरवरचा एमिशनचा (कॅथोड किती करंट देऊ शकतो याचा) आकडा नॉइज आणि मायक्रोफोनीबद्दल काहीच सांगत नाही, आणि प्रीअँपला त्याच दोन गोष्टींची गरज जास्त.

१२एयू७ ऐवजी अडॅप्टरने ६एसएन७ लावू का?

६एसएन७ हा १२एयू७ पेक्षा जास्त रेषीय आहे, डिस्टॉर्शन कमी देतो, आणि बायस जवळपास सारखाच लागतो, म्हणून कल्पना वाईट नाही. पण त्याचा हीटर ६.३ व्होल्टला ६०० मिलिअँप घेतो. दोन व्हॉल्व्हमागे ट्रान्सफॉर्मरवर ०.६ अँपचा जादा भार पडतो. सॉकेटला १२.६ व्होल्ट येत असतील तर १२एसएन७ लागेल. अडॅप्टरने ग्रिडची वायर लांबते आणि उघडी पडते, हम वाढू शकतो. वर व्हॉल्व्ह इतका उंच होतो की झाकण बसत नाही.

सोन्याच्या पिना?

गंजत नाहीत, इतकंच.

व्हॉल्व्ह काढताना आणि घालताना काय सांभाळायचं?

पॉवर अँप आधी बंद, मग प्रीअँप बंद, मग प्लग काढा. दहा मिनिटं गार होऊ द्या. व्हॉल्व्ह सरळ वर ओढा, लागलंच तर बारीक गोल हालचाल देत. एका बाजूला वाकवला तर पिनेपाशी काच तडकते आणि गेटर पांढरा होतो. घालण्याआधी पिना सरळ आहेत का ते बघा. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा; काचेवरच्या छपाईला मात्र ओला बोळा लावू नका, जुनी छपाई क्षणात निघते.

केस उघडावी लागत असेल तर लक्षात ठेवा, आत २०० ते ३५० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये राहतात. मीटरने मोजा. व्होल्टेज शिल्लक असेल तर १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने कपॅसिटरला काही सेकंद लावा आणि पुन्हा मोजा. एक हात मागे ठेवूनच काम करा. सैल सॉकेटचे संपर्क सुईने आवळायचे असतील तर तेही हे सगळं झाल्यावरच.

पुन्हा जोडताना क्रम उलटा: आधी प्रीअँप, एक-दोन मिनिटं थांबून पॉवर अँप. वारंवार व्हॉल्व्ह बदलणार असाल तर सॉकेट सेव्हर, म्हणजे मूळ सॉकेट आणि व्हॉल्व्हच्या मध्ये बसणारा जादा सॉकेट, बसवा. झिजला तर तो फेकता येतो, बोर्डवर डाग दिलेला सॉकेट बदलणं कटकटीचं.

व्हॉल्व्ह कधी बदलायचा?

प्रीअँपचा व्हॉल्व्ह हजारो तास चालतो. ई८८सीसीसारखे खास दर्जाचे व्हॉल्व्ह १०,००० तासांच्या हिशोबाने बनवलेले होते. तारीख बघून बदलू नका. नवा असताना १ किलोहर्ट्झला आलेलं आउटपुट आणि प्लेट व्होल्टेज एका चिठ्ठीवर लिहून केसच्या आत चिकटवा. आउटपुट दीड-दोन डेसिबल उतरलं, दोन चॅनेलमध्ये फरक वाढत गेला, किंवा नॉइज चढली की बदला.